शेवंतीच्या दोऱ्याने बांधलेली मोटर

कागदी कपाला चार स्केचपेन चिकटवले, वर एक छोटी मोटर बसवली की रोबो तयार होतो, असं मी परवा मखमलाबादकडच्या एका शाळेत मुलांना मोठ्या अधिकारवाणीने सांगितलं. आमच्या कंपनीने आम्हा चौघांना तिथे पाठवलं होतं. प्रत्येक मुलासमोर एकेक पिशवी. तिच्यात कप, आइस्क्रीमच्या काड्या, पेन, मोटर, सेल आणि चिकटपट्टी. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन आधीच लावून आलेलं. मुलांनी चिकटवाचिकटवी केली आणि अर्ध्या तासात सगळे कप फरशीवर अंथरलेल्या कागदांवर थरथरत रंगीत गोल काढायला लागले. मुलं टाळ्या पिटत होती, बाई फोटो काढत होत्या. कोणाचंच काही चुकलं नाही, कारण चुकायला जागाच ठेवलेली नव्हती. खरं सांगायचं तर मला थोडा कंटाळा आला.

बाहेर पडले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काकूचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. काकूकडे मी रिकाम्या हाताने कधी जात नाही. द्राक्षं, गुडघ्याचं मलम, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, असं काहीतरी निमित्त लागतंच मला. त्या दिवशी काहीच नव्हतं, तरी पाय तिकडे वळले.

आमचा मळा म्हणजे आता लग्नाचं लॉन्स आहे. नाशिकमध्ये जिथे जिथे चांगली काळी जमीन रस्त्याला लागून होती तिथे तिथे आता लॉन्स आहेत, आणि आमची जमीन रस्त्याला लागून होती. शेवंतीचे वाफे होते तिथे कारंजं आणि प्लास्टरचे दोन हत्ती. झेंडू होता तिथे वऱ्हाडाच्या गाड्या. कमानीवर फुलं असतात, बारा महिने तीच, धुऊन पुन्हा लावायची. विहिरीलगतच्या दोन खोल्या काकूकडे राहिल्या, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लॉन्सवाल्यांचा जनरेटर असतो. या सगळ्याचं फार दुःख होतं असं म्हणायची पद्धत आहे, पण मला तसं काही होत नाही. माझा सगळा जन्म मोटरींच्या संगतीत गेला, जनरेटरचा आवाज मला आवडतो. आठवतं मात्र सगळं.

आमच्या घरात कोणता महिना चालू आहे हे हाताच्या वासावरून कळायचं. चैत्र-वैशाखात मोगरा. मग निशिगंध, त्याने आईचं डोकं दुखायचं. श्रावणात बेल आणि तेरडा, भाद्रपदात दूर्वांच्या जुड्या, त्यांना नुसता ओल्या मातीचा वास. दसऱ्याचा झेंडू आठ-आठ दिवस नखांतून जात नसे, भाकरीलासुद्धा त्याची चव लागायची. आणि मार्गशीर्षात शेवंती. शेवंतीचा वास गोड नसतो, कडवट असतो, थंडीत जरा जास्तच. गुरुवार धरणाऱ्या झाडून साऱ्या बायकांना आदल्या दिवशी शेवंती हवी असायची, त्यामुळे मार्गशीर्षातला बुधवार म्हणजे आमच्याकडे नुसती धांदल. शेडमध्ये ओल्या गोणपाटावर पिवळा-पांढरा ढीग, भोवती आई, काकू, शेजारच्या दोघीजणी आणि शाळा सुटल्यावर मी. कोणी गाणंबिणं म्हणत नसे. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना उगाचच तसं वाटतं. बोलणं चालायचं ते भाजीचं, सर्दीचं आणि कोण कोणाला काय बोललं त्याचं.

काकू आमच्या घरात आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी तेरा. माझ्या धाकट्या काकांची बायको. तिच्या माहेरच्यांचं वणीला फुलांचं दुकान होतं, गडावर जाणाऱ्या लोकांसाठी हार करायचे ते. त्यामुळे तिला काही शिकवावं लागलं नाही, उलट आईच तिचं बघून बघून काही गोष्टी शिकली. काकू हाराला बसली की आधी दोरा दुमडायची, त्याचा बरोबर मध्य काढायची, तिथे पहिलं मोठं फूल बांधायची आणि मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी पुढे सरकायची. पुरा झाला की मधल्या फुलाखाली बोट घालून हार उचलायची. दोन्ही बाजू सारख्या लोंबल्या पाहिजेत. एखादी बाजू बोटभर जरी खाली गेली तरी सगळा सोडायची. आई म्हणायची, "अगं, देवाला कुठं कळतंय?" त्यावर काकू म्हणायची, "देवाला नाय कळत, पण घेणाऱ्याला कळतंय ना."

तिने दहावी चांगल्या मार्कांनी केली होती. तिचा मामा एकलहऱ्याला वीजकेंद्रात कामाला होता. एका मे महिन्याच्या सुट्टीत ती त्याच्याकडे राहिली आणि ती मोठमोठी धुराडी, तारा, मामाच्या पेटीतली हत्यारं हे सगळं पाहून तिने आयटीआयला जायचं ठरवून टाकलं, वायरमनच्या कोर्सला. फॉर्म आणला, त्याच्यासाठी फोटो काढले, आणि मग लग्न झालं. मधलं काही ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. फोटो मात्र तिच्या ट्रंकेत होते, सगळे एकसारखे, मान ताठ करून काढलेले. मला एकदा दाखवले होते तिने. "बघ, कशी दिसते? वायरमन दिसते का?" असं विचारून स्वतःच हसली.

काका वाईट नव्हते. वर्षभरात तिने चार-पाच वेळा विषय काढला असेल, त्यांनी कधी आवाज चढवला नाही. एकदा जेवताना माझ्यासमोरच म्हणाले, "हे बघ, मी नाय म्हणत नाय. पण फॉर्म घेऊन लोकांच्या पाया पडत फिरायचं, ते मला जमायचं नाय. तिथल्या एखाद्या सरानं आपणहून म्हटलं ना, की या बाईच्या हातात कसब हाय, हिला पाठवा, तर मी सोता सोडायला येईन."

"म्हटलं तर?" काकूने विचारलं.

"म्हटलं तर म्हटलं. माझा शब्द हाय."

काका शब्दाचे पक्के होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आयटीआयचा सर शेवंतीच्या वाफ्यात कशाला येतोय? त्यामुळे विषय तिथेच थांबला.

आणि मग मी शाळेतून विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक आणलं. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून उपकरण करा, स्वतः करा, असं काहीसं त्यात होतं. मी ते दप्तरातून काढून शेडमध्ये फेकलं, कारण मला काही करायचं नव्हतं. काकूने हात पुसून ते उचललं. वाचलं. मग पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढे धरलं. परीक्षक म्हणून आयटीआयचे एक सर येणार होते.

"आपण करू काहीतरी," ती म्हणाली. "चालणारं करू. नुसतं दिवा पेटणारं नको."

करायचा ठरला चालता यंत्रमानव. काकू त्याला बाहुला म्हणायची. वणीच्या यात्रेतून तिने मला सेलवर चालणारी एक गाडी आणून दिली होती, तिची चाकं कधीच निखळली होती, पण मोटर जिवंत होती. धडासाठी साबणाची गुलाबी डबी. डोक्यासाठी आईची कुंकवाची रिकामी डबी, जिच्यात अजून तळाशी थोडं कुंकू होतं आणि ते पुढे सगळ्या प्रकरणभर सगळ्यांच्या बोटांना लागत राहिलं. डोळ्यांना काकूच्या दोन मोठ्या टिकल्या. बटणाच्या जागी सेफ्टी पिन, लावली की चालू, काढली की बंद. तारेवरचं प्लास्टिक काकू दाताने असं सोलायची की आतला एक धागा तुटत नसे. फुलं बांधायला केळीच्या सोपटाचे धागे काढून काढून तिच्या दातांना आणि नखांना ती सवय होती.

पाय कशाचे करायचे, यावर दोन दिवस गेले. मग काकूने दात घासायचे ब्रश कापले, तापलेल्या सुरीने, डोक्यापाशी. आई, बाबा, काका आणि ती स्वतः, असे चौघांचे चार. माझा नवा होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात घरातली चारही मोठी माणसं विहिरीपाशी बोटाने दात घासत उभी होती. काका म्हणाले, "काय गं, तुमच्या त्या बाहुल्याला दात किती हायेत? चार माणसांचे ब्रश लागले ते?" ते जळक्या प्लास्टिकचा वास असलेले, थंड, शेवंतीचे दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात.

बाहुला चालावा म्हणून मोटरच्या दांड्यावर काहीतरी वजन हवं, म्हणजे तो थरथरेल आणि ब्रशांच्या केसांवरून पुढे सरकेल, हे तिने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. तिने माझ्या खोडरबराची एक लांबट पट्टी कापली. दोरा घेतला, पट्टीवर धरला, दुमडला, मध्य काढला. दाभण तापवून बरोबर मध्यावर भोक पाडलं आणि पट्टी दांड्यावर बसवली. बोटाने फिरवून पाहिली. दोन्ही बाजू सारख्या. मग सेफ्टी पिन लावली.

बाहुला गुणगुणायला लागला आणि जागेवर उभा राहिला. हलेचना. सेल उतरले असतील म्हणून नवे आणले, आवाज वाढला, बाहुला तिथेच. तारा बदलल्या. ब्रश घासून सारखे केले. काकूने पट्टी काढून आणखी काटेकोरपणे मध्य काढला, तेव्हा तर तो इतका स्थिर उभा राहिला की आई म्हणाली, "जावईबापू रुसलेत गं तुझे." सलग दोन दुपारी हेच चाललं. मी कंटाळून गेले होते. काकू हाराच्या कामातून उठायची, पिन लावायची, त्याच्याकडे बघत बसायची, पिन काढायची, पुन्हा हाराला बसायची. तिसऱ्या दुपारी पिन लावल्या लावल्या खोडरबराचा एक तुकडा तुटून टणकन घागरीवर आपटला आणि बाहुला पिसाळल्यासारखा थडथडत निघाला. पाटावरून उतरला, गोणपाट ओलांडलं आणि शेवंतीच्या ढिगात डोकं खुपसून पाय झाडत राहिला.

मी हसून हसून आडवी झाले. काकू हसली नाही. तिने बाहुला उचलला, उलटा केला आणि पिन न काढता त्या अर्ध्या पट्टीचं फिरणं बघत राहिली. मग दुसरी पूर्ण पट्टी लावली. उभा. अर्धी लावली. चालला. पुन्हा पूर्ण, पुन्हा अर्धी. असं तिने किती वेळा केलं कोण जाणे, आईने हाक मारली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे वाकडंच लागतंय व्हय याला," ती शेवटी म्हणाली. "आणि मी दोन दिवस सरळ करती त्याला."

तिला स्वतःचाच राग आला होता. नंतर आम्ही प्रदर्शनासाठी नीट अर्धी पट्टी करायला बसलो तर ते काम तिला जमेना. सुरी धरली की तिचा हात आपोआप मध्यावरच यायचा. शेवटी ती पट्टी मी कापली. त्या सगळ्या बाहुल्यात माझं काम म्हणाल तर तेवढं एकच.

चालायला लागला तशी नवी पंचाईत झाली. तो इतका थरथरायचा की डिंकाने चिकटवलेली मोटर निघून पडायची. डिंक झाला, भाताचं शीत झालं, चिकटपट्टी झाली. मग काकूने साबणाच्या डबीला दोन भोकं पाडली आणि हाराच्या दोऱ्याने मोटर डबीला बांधून टाकली. आमची फुलांची गाठ असते ती. ती जेवढी हलेल तेवढी आवळत जाते, म्हणून तर टेम्पोतून फुलबाजारापर्यंत गेलेला हार सैल होत नाही. मोटर त्यानंतर एकदाही निघाली नाही.

गुरुवारी दुपारी, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, काकू उपासाचे शेंगदाणे सोलत बसली होती. मला जवळ बोलावलं तिने. म्हणाली, "हे बघ, उद्या कोणी काही विचारलं तर मीच केलं म्हणायचं. शाळेचा नेम हाय तसा. बक्षीस तुझं, मला नको ते. पण सगळं आटोपल्यावर, नंबर लागल्यावर, ते आयटीआयचे सर परत आले ना, तर तेव्हा सांग, की बांधणी काकूची हाय. तेवढंच सांग. त्याच्या आधी नको, नायतर तुझा नंबर जाईल."

"ते नाही आले परत तर?"

"तर मग नाय आले," ती म्हणाली. "पण आले तर सांगशील ना?"

मी हो म्हटलं. शपथ घ्यायची गरज तिलाही वाटली नाही आणि मलाही.

शुक्रवारी काकांनी बाजारात फुलं उतरवली आणि आम्हाला टेम्पोतून प्रदर्शनाला नेलं. एरवी ते बाहेर बिडी ओढत थांबले असते. त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून आत आले. काकूने त्यांना काय सांगितलं होतं ते मला माहीत नाही, पण ते भिंतीशी हाताची घडी घालून उभे राहिले आणि आत येणाऱ्या प्रत्येक पॅंट-शर्टवाल्या माणसाकडे निरखून पाहत होते. काकूने लग्नातली साडी नेसली होती. हॉलमध्ये पुठ्ठ्याचे ज्वालामुखी, पाण्यावरच्या चक्क्या, सूर्यमाला. आमचा यंत्रमानव टेबलावर चालला, कडेपर्यंत गेला, मी त्याला पकडला. लोक हसले. दुसरा नंबर आला. टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्र मिळालं, फोटो झाला. आणि मग, हातात चहाचा कप घेऊन, ते सर खरंच परत आले.

मध्यम वयाचे, टक्कल पडलेले, शर्टच्या खिशात टेस्टर लावलेला. त्यांनी कप खाली ठेवला, बाहुला उचलला, उलटा केला आणि मोटरवरच्या त्या दोऱ्यावर नख फिरवलं.

"सकाळपासून चालतोय हा," ते म्हणाले. "बाकीच्यांचं चिकटवलेलं सगळं सुटून पडलं. ही बांधणी कोणी केली?"

काकू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिच्या हातात आमच्या डब्याची पिशवी होती. काका भिंतीपासून दोन पावलं पुढे आले होते.

"मी," मी म्हटलं.

"सगळी?"

"हो. सगळी मीच केली."

ती गाठ आमच्या घरात शेंबड्या पोरालाही येत होती, त्यामुळे खोटं पकडलं जायची भीती नव्हती. मी असं का केलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे आणि त्यातून काही हाती लागलेलं नाही. एक मोठा माणूस माझ्या हातांकडे कौतुकाने बघत होता आणि मला ते आवडलं. एवढंच. नंबर लागून गेला होता, खरं बोलल्याने माझं काहीही बुडणार नव्हतं. लाज वाटते मला त्याची. तेव्हाही वाटली होती, तोंडातून शब्द निघता निघताच.

"दहावी झाली की आमच्याकडे ये. वायरमनला ये," सर म्हणाले. "असे हात मिळत नाहीत." मग काकूकडे वळून म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची."

"पुतणी हाय," काकू म्हणाली. मग डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाली, "हुशार हाय."

परतताना टेम्पोत कालच्या फुलांचा आंबूस वास होता. काका गाडी चालवत म्हणाले, "चला, पोरीचं तरी सोनं झालं." काकूने मला विचारलं, भूक लागली का. मी नाही म्हटलं. तिने तरी डबा उघडून माझ्या हातात पोळी-भाजी दिली.

पुढचं सगळं रीतसर झालं. मी दहावीनंतर आयटीआयला गेले, त्याच सरांच्या हाताखाली शिकले, सातपूरच्या एका कारखान्यात लागले, मग दुसऱ्या, आता सुपरवायझर आहे. लोक म्हणतात, फुलं विकणाऱ्या घरातली मुलगी कुठे पोचली. काकू हार बांधत राहिली. तिला दोन मुलं झाली, ती पुण्यात असतात. काका जाऊनही बरीच वर्षं झाली. मळा गेला. आयटीआयचा विषय त्या शुक्रवारनंतर तिने पुन्हा कधी काढला नाही, आणि काकांनीही नाही. त्यांच्या लेखी सरांनी ज्याला म्हणायचं त्याला म्हटलं होतं.

परवा गेले तेव्हा काकू दारात खुर्ची टाकून वरमाला बांधत होती, लॉन्सवाल्यांसाठी, संध्याकाळचं लग्न होतं. आता या माळा फार जाड असतात, आत थर्माकोलचे गोळे घालावे लागतात. तिला ते आवडत नाही, पण करते. चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, नको, बस. शाळेत मुलांना रोबो करायला शिकवून आले, असं सांगितलं. ती "हं" म्हणाली. आणि मग कसलीही प्रस्तावना न करता मी ते बोलून टाकलं. की त्या दिवशी सरांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घ्यायला हवं होतं. तू सांगितलं होतंस. मी घेतलं नाही.

काकूचे हात थांबले नाहीत. तिने आणखी दोन फुलं बांधली.

"आज आठवलं व्हय?"

"रोज आठवतं."

"मग रोज का नाय सांगितलं?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. लोक म्हणतात तसं. मी मनातून त्याच वाक्यासाठी आले होते, हे मला तेव्हा कळलं. ती तसं म्हणाली नाही.

"घरी आल्यावर सांगायचंस," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सांगायचंस. सर काय पळून गेले होते का? मी वाट बघितली ना. फॉर्मची तारीख जाईस्तोवर बघितली. मग तू जायला लागलीस. लय राग यायचा मला. डबा भरताना वाटायचं, आज नाय देत, राहू दे उपाशी. पण द्यायचे."

"कधी बोलली नाहीस."

"तू बोललीस का?" काकूने माळ मांडीवर ठेवली. "दोन वर्षं डबा दिला तुला मी. घरी यायचीस, हातपाय धुवायचीस, गप जेवायला बसायचीस. आत काय असतं, काय शिकवतात, एक दिवस तोंडातून शब्द काढला नाहीस. मी विचारणार नव्हते. पण तू सांगायचं होतंस."

हे खरं होतं. मी तिच्यासमोर त्या जागेचं नावही काढत नसे. मला वाटायचं, त्याने तिच्या मनाला कमी लागेल.

जनरेटर सुरू झाला, लॉन्सवाले बहुधा दिवे तपासत होते. काकूने खुर्ची जरा माझ्याकडे सरकवली.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी काय शिकवलं?"

मी म्हटलं, पहिल्या दिवशी काही नाही, लोखंडाचा एक तुकडा दिला आणि एक कानस, आणि म्हणाले, घासून सपाट करा. महिनाभर तेच.

"वायरमनला लोखंड कशाला?"

"हाताला वळण लागावं म्हणून. मग तारांचे जोड शिकवले, मग फळ्यांवर फिटिंग, मग खांबावर चढायला, मग परीक्षा झाली, मग..."

"थांब," काकू म्हणाली. "घाई करू नको. माझी दोन वर्षं हायेत ती. सगळं सांग."

मग मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, फाटकातून आत शिरल्यापासून.